काळ्या मातीचं जोतं

कुणी नवं घर बांधलं की मला बोलावणं यायचं, आणि बोलावणं आलं की मी न जायला कारण शोधायचे. जेवायला बोलावतात याचा त्रास नव्हता. जेवणाआधी घर दाखवतात, त्याचा होता.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली बाई. अमरावतीत राहून वीसेक वर्षं मी बँकांसाठी घरांचं मूल्यांकन केलं. कुणी घरावर कर्ज मागितलं की बँक मला पाठवायची. मी जाऊन टेप लावायचे, भिंतींवर बोटांनी टकटक करायचे, नळ सोडून बघायचे, गच्चीवर पाणी कुठे साचतं ते विचारायचे आणि घराची किंमत कागदावर लिहून खाली सही करायचे. आठवड्याचे चार दिवस अमरावती आणि भोवतालचे तालुके, दोन दिवस अकोला. उरला रविवार, तो नातेवाइकांचा. नातेवाइकांच्या घराला फी नसायची, पण तिथे निकाल तोंडी द्यावा लागायचा, तोही सगळ्यांसमोर.

घर दाखवण्याची पद्धत ठरलेली. चपला बाहेर. आधी देवघर, मग स्वयंपाकघर, मग झोपायच्या खोल्या. प्रत्येक खोलीत यजमानीणबाई दिवा लावून दाखवणार आणि पंखा फिरवून दाखवणार. न्हाणीघराचं दार उघडून टाइल्सवरची निळी फुलं बघायची. शेवटी गच्ची. गच्चीवर पोचलं की सगळे बोलायचे थांबत आणि माझ्या तोंडाकडे बघत. ‘‘काय मॅडम, कसं वाटलं?’’

या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर होतं. ‘‘हवा छान आहे.’’ हवा सगळ्यांकडेच असते, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप लागत नाही. ओट्याची उंची घरातल्या बाईला विचारायच्या ऐवजी मिस्त्रीनं स्वतःच्या कमरेला लावून ठरवलेली असते, त्यामुळे ती जन्मभर खांदे वर करून पोळ्या लाटणार हे मला दिसत असायचं. पण घर तयार झाल्यावर सांगून उपयोग काय? मी हवेचं कौतुक करायचे आणि पानावर बसायचे.

त्या वर्षांत घरं फार झाली. कापसाला भाव नव्हता, विहिरी मार्चातच तळ दाखवत होत्या, पेपर उघडायची भीती वाटायची. आणि त्याच वर्षांत अमरावती-अकोल्याच्या भोवती जिकडे तिकडे ले-आऊट पडत होते. काल-परवापर्यंत तूर उभी होती त्या शेतात पांढरा चुना लावलेले दगड रांगेनं रोवलेले असत. मधून मातीचा रस्ता, तोंडाशी कमान, कमानीवर कुठल्या तरी देवाचं नाव. शेंदूरजनाघाटकडे संत्र्याच्या बागा वाळल्या, त्यातल्या काही लोकांनी बाग तोडली, जमीन विकली आणि अमरावतीत बंगला बांधला. त्या बंगल्यांची मूल्यांकनं मी केली आहेत. दिवाणखाना एवढा मोठा, की त्यात सोफा भिंतीला लागून लाजल्यासारखा बसलेला. पण पोतं ठेवायला जागा नाही. एका घरात तर संगमरवरी फरशीवर, टीव्हीच्या शेजारी, गव्हाची सहा पोती उभी होती आणि त्यांच्यावर विणलेला रुमाल टाकला होता. घरमालक मला म्हणाले, ‘‘मॅडम, पोते किमतीत नका धरू.’’ मी हसले, पण घरी येऊन मला रडूही आलं. असं त्या काळात बरेचदा व्हायचं. कामाचा थकवा झोपेनं जातो, हा जात नव्हता.

खरं सांगायचं तर मला घरं बघायचा कंटाळा आला होता. एखाद्या हलवायाला पेढ्याचा येतो तसा. बांधणाऱ्याचं ते पहिलं आणि शेवटचं घर असायचं, माझं त्या दिवसातलं चौथं.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. चांदूर रेल्वेजवळ आमचं गाव. बाबा लवकर गेले, तेव्हापासून शेती त्यानंच पाहिली आणि मला शिकवलंही त्यानंच. मुलीला पॉलिटेक्निकला घालायचं म्हटल्यावर गावातले लोक त्याला हसले होते. ‘‘बहीण का इटा उचलते आता?’’ दादा सांगायचा, ‘‘उचलन नाही, मोजन.’’ त्याच्यावर कुणाचं देणं नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण त्या वर्षांतल्या आमच्याकडच्या शेतकऱ्याची गोष्ट काढली की ऐकणाऱ्याला शेवट आधीच माहीत असल्यासारखं वाटतं. दादाचं तसं नव्हतं. तो फक्त दमला होता. गुडघे गेले होते, विहीर गेली होती, मुलगी अकोल्याला कॉलेजात शिकत होती आणि वहिनीचं माहेर अकोल्याचं. त्यानं अर्धी जमीन विकली, अर्धी बटाईनं दिली आणि अकोल्यात घर बांधायचं ठरवलं. आयुष्यभराच्या शेतीचं जे काही झालं होतं ते सगळं त्या एका घरात जाणार होतं.

प्लॉट बघायला मी यावं, असं त्यानं फोनवर सांगितलं. ‘‘तू पायल्याबिगर मी सही करत नाही.’’

तो मे महिना होता. अकोल्याचं मेमधलं ऊन ज्यांनी खाल्लं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळपासून माझी चार घरं झाली होती. चौथ्या घरात मालक आणि त्याचा भाऊ माझ्यासमोर जिन्याच्या जागेवरून भांडले होते. दुपारी अडीचला मी ले-आऊटवर पोचले, तेव्हा माझ्या डोक्यात फक्त पंख्याखालची एक खुर्ची होती.

दोन प्लॉट उरले होते. एक मागच्या अंगाला, जरा चढावर. तिथे वरच मुरूम दिसत होता, गवतसुद्धा धड नव्हतं. तो स्वस्त होता. दुसरा कोपऱ्याचा, सपाट, काळ्याशार मातीचा, आणि महाग. घर बांधणाऱ्या कुठल्याही माणसानं डोळे मिटून मागचा घेतला असता. मुरमावर घर हलत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, आणि वर जे काही उभं असेल त्याला दरवर्षी एकदा उचलते आणि एकदा खाली ठेवते. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात पहिल्या धड्यात हे होतं. ते पुस्तक दादानंच मला चांदूरच्या स्टेशनवर आणून दिलं होतं.

पण दादानं उभा जन्म जमीन बघितली होती ती पिकासाठी. तो कोपऱ्याच्या प्लॉटवर उकिडवा बसला. उन्हानं जमिनीला भेगा पडल्या होत्या. त्यातल्या एका भेगेत त्यानं हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. आतून त्यानं ढेकूळ काढलं, मुठीत चुरलं आणि माझ्यापुढे धरलं. त्याचा चेहरा इतका उजळलेला मी दोन-तीन वर्षांत पाहिला नव्हता.

‘‘पाय वं, कशी माती आहे! इथं नुसतं बी फेकलं तरी पिकन.’’

प्लॉटवाला छत्रीखाली उभा राहून हसला. दादा मागच्या प्लॉटकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘तो दाखवून राहिला होता मले. बरड आहे सारी. बरडावर कोणी घर बांधते का? दोन पैशे जास्त गेले तरी चालन, पन जमीन चांगली पायजे.’’ मग तो उठला, हात धोतराला पुसले आणि मला म्हणाला, ‘‘तू सांग. तू म्हनशील तसं.’’

मला सगळं कळत होतं. भेगेत गेलेला हात मी पाहिला होता. सांगायला पाच मिनिटं लागली असती. पण आधी त्याला पटवावं लागलं असतं, त्यानं वाद घातला असता, प्लॉटवाला मध्ये पडला असता, मागच्या प्लॉटवर चढून जावं लागलं असतं. मी स्वतःशी म्हटलं, काळ्या मातीवरही घर उभं राहतं, पाया खोल घ्यायचा आणि जोत्यात मुरूम भरायचा. नकाशा आपणच काढणार आहोत, तेव्हा सांगू.

‘‘छान आहे दादा,’’ मी म्हणाले. ‘‘घे.’’

नकाशा मी काढून दिला. मनापासून काढला. वहिनीची उंची विचारून ओटा ठेवला, पोत्यांसाठी मागे एक खोली ठेवली, तिला नकाशात ‘स्टोअर’ म्हटलं. पाया खोल दाखवला. जोत्याच्या जागी बारीक अक्षरांत ‘मुरूम भरणी’ असं लिहिलं. जोतं म्हणजे पायाच्या भिंतींमधला तो चौकोन, ज्यात भर घालून वर फरशी बसवतात. तिथे बाहेरून आणलेला मुरूम भरायचा, ही गोष्ट मिस्त्रीला सांगावी लागत नाही असं मी धरून चालले. भाचीच्या हाती नकाशा दिला आणि माझ्या कामाला लागले.

मिस्त्री आमच्या गावचाच होता. दादाच्या बरोबरीचा, दोघं लहानपणी एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. पायाचं काम चाललं होतं त्या दोन महिन्यांत मी अकोल्याला दर आठवड्याला जात होते. ले-आऊट बसस्टँडपासून ऑटोनं वीस मिनिटांवर. मी एकदाही गेले नाही. भिंती छताला लागल्यावर गेले, तेव्हा लोखंड बघितलं, स्लॅबची जाडी बघितली, मिस्त्रीचं कौतुक केलं. खाली काय आहे ते वरून दिसत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात घरभरणी झाली, पन्नास-साठ माणसं आली होती. दादानं नवा सदरा घातला होता. पूजा झाली, आणि ठरल्याप्रमाणे घर बघायला सुरुवात झाली. या खेपेला वहिनीबरोबर दादाही दाखवत होता. दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहून त्यानं पायानं फरशीवर दोनदा आपटलं आणि पाहुण्यांना म्हणाला, ‘‘हे जोतं पायता ना? पायातून जेवढी माती निंगाली, सारी याच्यातच भरली. एक टोपलं बाहेर नाही जाऊ देल्लं. मिस्त्री म्हने, मुरूम बोलावू. मी म्हनलं, घरची सोन्यासारखी माती फेकू आन् बरड इकत आनू? येडा आहेस का?’’

लोक हसले. मिस्त्रीही हसला. तो भिंतीला टेकून उभा होता, हातात पानसुपारी होती.

पायाखाली गुळगुळीत फरशी होती आणि फरशीखाली दोन-अडीच फूट कोरडी काळी माती, पहिल्या पावसाची वाट बघत. दुरुस्ती तेव्हाही शक्य होती. फरशी उखडायची, माती काढायची, मुरूम भरायचा. महिन्याभराचं काम. सामान अजून लागलं नव्हतं, तीच वेळ होती.

गच्चीवर गेल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनीच्या हातात पेढ्यांचं ताट होतं. दादा म्हणाला, ‘‘आता इंजिनिअर बाईचं आयका.’’

‘‘हवा छान आहे,’’ मी म्हणाले.

दादाला ते माझं ठरीव उत्तर आहे हे माहीत नव्हतं. त्यानं खरंच तोंड वर करून हवा खाल्ली.

मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे की त्या दिवशी मी काय वाचवलं. त्याचा आनंद? तो पहिल्या पावसापर्यंत टिकला. बँकेच्या कागदावर मी कुणाचीही भीड ठेवायची नाही. मोठमोठ्या बिल्डरांच्या घरांचे दोष मी नाव घेऊन लिहिले आहेत, त्यांच्या धमक्या ऐकल्या आहेत. आणि ज्याच्यामुळे मी हे सगळं वाचायला शिकले त्याच्यासमोर माझी दातखीळ बसली. भीड म्हणावी तर ती पूर्ण खरी नाही. मला पुन्हा एकदा कुणाला तरी काहीतरी वाईट सांगायचा कंटाळा आला होता. हे लिहितानाही लाज वाटते.

पावसाळ्यात फरशी उचलली गेली. दिवाळीला गेले तेव्हा वहिनी म्हणाली, ‘‘फरशी फुगून राहिली वं बाई. न्हानीचं दार सुताराकडून दोनदा तासून घेतलं, तरी घासते.’’ स्टोअरच्या भिंतीवर खालून वर तिरपी भेग गेली होती. दिवाणखान्यात कपाट सरकवून एका भिंतीसमोर आणलं होतं, त्यामागे काय असेल ते मी बघायला गेले नाही. दादा म्हणाला, ‘‘नवं घर आहे, बसून राहिलं.’’ मी ‘हो’ म्हणाले.

दुसऱ्या उन्हाळ्यात फरशी खाली बसली आणि भेगा रुंद झाल्या. मग दादानं ठरवलं की मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं. गावात गेल्यावर त्यानं चार माणसांसमोर त्याला तसं सुनावलं. मिस्त्री म्हणे उठून घरी गेला. हे मला वहिनीनं फोनवर सांगितलं. ‘‘तुमचे दादा म्हनते, इतक्या वर्षाच्या दोस्तानं दगा देल्ला. जेवत नाही धड.’’ मी फोन हातात धरून बसले होते. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, ‘‘त्याला म्हणावं डोक्याला लावून घेऊ नको.’’

तिसऱ्या वर्षी दादानं घर विकायला काढलं. मुलीचं शिक्षण संपलं होतं, शहरात त्याचं मन लागलं नव्हतं. घर विकून गावाकडे, उरलेल्या शेताच्या कडेला दोन खोल्या बांधायच्या, असा त्याचा बेत होता. भेगा भरून घेतल्या, आतून रंग दिला. घराचं जे येईल त्यावरच पुढचं सगळं अवलंबून होतं. दुसरं काही आता नव्हतंच. गिऱ्हाईक यायचं होतं त्या दिवशी त्यानं मला बोलावलं. ‘‘तू फक्त हजर राय. तू सांगतलं का लोक मानते.’’

मी गेले. थंडीचे दिवस, सकाळचे अकरा. घर खरंच सुरेख दिसत होतं. वहिनीनं दारात रांगोळी काढली होती.

घ्यायला आलेला माणूस अकोल्यातलाच, गाद्या-रजया भरणारा. बाप-आजापासून कापूस पिंजायचा धंदा, आता बाजारात दुकान. चाळिशीचा, सावकाश बोलणारा. बरोबर त्याची म्हातारी आई होती. ते भाड्याच्या घरात राहत होते आणि आईच्या हयातीत स्वतःचं घर व्हावं असं त्याच्या मनात होतं, ते त्यानं आल्या आल्याच सांगितलं. वहिनीनं दिवे लावून दाखवले, पंखे फिरवून दाखवले. तो माणूस ओट्याला हात लावून म्हणाला, ‘‘बहोत सोच के बनवला आहे.’’ मला नको तिथे बरं वाटलं.

म्हातारीला चालवत नव्हतं. ती दिवाणखान्यात खुर्ची नाकारून खाली फरशीवरच बसली आणि दोन्ही तळहात फरशीवर ठेवून हळूहळू फिरवायला लागली. गादी भरून झाली की कापूस कुठे गोळा झाला आहे ते त्या लोकांना असंच हातानं कळतं. ती जागा बदलत गेली, सरकत भिंतीपर्यंत गेली, परत आली. मग मुलाकडे बघून म्हणाली, ‘‘बेटा, यहाँ उठा हुआ है. और यहाँ दबा हुआ.’’

दादा घाईनं म्हणाला, ‘‘तो थोडासा मिस्त्रीचा फरक आहे, आजी.’’ मग माझ्याकडे हात करून त्या माणसाला म्हणाला, ‘‘हे माही बहीन. इंजिनिअर आहे. बँका हिच्या सहीवर चालते. इले विचारा तुमी.’’

तो माणूस माझ्याकडे वळला. ‘‘ताई, आमाले घरातलं काई समजत नाई. जिंदगीत एकच घर होनार. तुमी सांगा, घेऊ का?’’

दादाचे डोळे माझ्यावर होते. निर्धास्त डोळे. म्हातारीचे हात अजून फरशीवर होते.

हवा छान आहे, हे शब्द ओठांवर आले होते. पण ते बाहेर आले नाहीत. मी बँकेच्या कामाला जाते तेव्हा जो आवाज लावते, त्या आवाजात बोलायला लागले. ‘‘जोत्यात मुरूम नाही, काळी माती भरलेली आहे. ती दरवर्षी फुगणार आणि बसणार. भेगा रंगाखाली आहेत, उन्हाळ्यात परत दिसतील. बाहेरच्या भिंती आणि स्लॅब मजबूत आहेत. पण सगळी फरशी काढून खालची माती बाहेर टाकावी लागेल, मुरूम भरावा लागेल, आतल्या आडभिंती पुन्हा घ्याव्या लागतील. तो खर्च धरून भाव करा.’’

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

वहिनी आत निघून गेली. त्या माणसानं वाकून स्वतः फरशीवर हात फिरवून बघितला. मग म्हणाला, ‘‘शुक्रिया ताई. आमचं बी भरायचंच काम आहे, समजलं मले.’’ चहा झाला. त्यानं आईला दोन्ही हातांनी उठवलं आणि घरी बोलून कळवतो असं सांगून ते गेले. कळवणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

मी पर्स घेतली. वहिनी बाहेर आली नाही. दादा मात्र नेहमीसारखा मला ऑटोपर्यंत सोडायला निघाला. ले-आऊटचा रस्ता तोपर्यंत डांबरी झाला होता. मागच्या बरडाच्या प्लॉटवर कुणाचं तरी घर उभं होतं, गच्चीवर कपडे वाळत होते. तो त्या घराकडे बघत चालला होता. त्याचे गुडघे दुखत होते, म्हणून मी सावकाश चालत होते.

ते घर मागे पडल्यावर तो म्हणाला, ‘‘म्हंजे सिमेंट बराबर होतं.’’

‘‘हो.’’

‘‘मी त्याले चार मानसात चोर म्हनलो.’’

नाक्यावर आलो. ऑटो नव्हता. आम्ही कडेला उभे राहिलो.

‘‘तो परका मानूस,’’ दादा म्हणाला. आवाजात राग असता तर मला सोसलं असतं. तो खरंच विचारत होता. ‘‘तुही-त्याची वळख नाही, पाळख नाही. त्याले तू पाच मिनटात सारं सांगतलं. मले काहून नाही सांगतलं वं?’’

मला माझ्याच गावच्या भाषेत उत्तर द्यावं लागलं, दुसऱ्या कुठल्या भाषेत ते खरं वाटलं नसतं. ‘‘मी दमली होती, दादा.’’

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली.

‘‘हो,’’ तो म्हणाला, ‘‘ऊन लय होतं त्या दिवशी,’’ आणि समोरून येणाऱ्या ऑटोला त्यानं हात केला.